नमुना क्रमांक एकमधली चौथी ओळ

१

ऑफिसात त्याला सगळे मूळपुरुष म्हणत. तोंडावरसुद्धा म्हणत, आणि तो वरवर नाक मुरडून आतून सुखावत असे. कारण 'साचा' ही भाषा त्याची होती. अकरा वर्षांपूर्वी, एकट्यानं, तीन महिन्यांत त्यानं ती रचली होती. एकच पत्र हजार घरी पाठवायचं, पण प्रत्येक घरचं नाव वेगळं, पत्ता वेगळा, माणसांची यादी वेगळी, अशी वेळ आली की ते पत्र साचात एकदाच लिहायचं आणि मोकळ्या जागा यंत्रानं भरायच्या. शाळा, दवाखाने, पाणीपुरवठ्याचं खातं, सगळ्यांची पत्रं यातूनच निघत.

लिहिलेलं वाचून त्याचा अर्थ लावणारा भाग म्हणजे पार्सर. तो मूळपुरुषाचा विशेष लाडका, आणि स्वभावानं थेट बापावर गेलेला. पहिली चूक दिसली की तिथंच थांबायचं, ओळीचा आकडा सांगायचा, पुढचं एक अक्षर वाचायचं नाही. "चुकलेलं पुढं कशाला वाचायचं?" असं मूळपुरुष म्हणे. घरीही तोच कायदा. बायको काही सांगू लागली की "मंगळवारी नव्हे, बुधवारी" म्हणून तो मध्येच आडवा येई आणि गोष्ट तिथंच बसे. मुलगी अकरा वर्षांची होती. ती हल्ली वाक्याला सुरुवातच करत नसे.

अशात साहेबांनी पार्सर नव्यानं लिहायला एक बाई आणल्या. तिशीच्या, हळू बोलणाऱ्या, आपला डबा उघडला की आधी शेजाऱ्यापुढे सरकवणाऱ्या. ऑफिसनं त्यांचं बारसं 'नव्या बाई' असं केलं. त्यांचा पार्सर चुकीपाशी अडत नसे. चूक टिपून ठेवायची, लिहिणाऱ्याला काय म्हणायचं असेल याचा अंदाज बांधायचा आणि शेवटपर्यंत वाचायचं. त्यातून निघणारा प्रोग्रॅमही इतका चपळ की चाळीस मिनिटांचं काम चार मिनिटांत उरकू लागलं. शिवाय लिहिता लिहिता चुकीखाली पिवळी रेघ ओढणारा, पुढचा शब्द सुचवणारा नवा एडिटर. लोक कॉफीचे कप घेऊन बाईंच्या टेबलाभोवती उभे राहू लागले. पूर्वी ते मूळपुरुषाच्या टेबलाभोवती उभे राहत.

मूळपुरुषाच्या पोटात दुखायला लागलं. सरळ गोष्ट आहे, लपवायची कशाला? बाई एखादी खुबी समजावून सांगत तेव्हा तो कळल्यासारखी मान हलवी आणि जागेवर येऊन अर्धा तास तेच कोड वाचत बसे. कळत नसे. पण जन्मात कधी कुणाला "हे कसं?" असं विचारलं नव्हतं, ते आता या वयात आणि या बाईंना विचारायचं?

२

साचात कुठलाही बदल केला की तो तीनशे बारा नमुन्यांवर चालवून बघायची पद्धत होती. प्रत्येक नमुन्याचं अपेक्षित उत्तर शेजारी लिहून ठेवलेलं असे. जुळलं तर हिरवा दिवा, नाही तर लाल.

नमुना क्रमांक एक खुद्द मूळपुरुषाचा होता. मुलगी जन्मली त्या आठवड्यात, दुसरं काही सुचेना म्हणून, त्यानं स्वतःचं घरच त्यात घातलं होतं. 'या घरात राहतात', आणि खाली ठिपके देऊन तीन ओळी: बाबा, आई, मुलगी. नव्या माणसाला भाषा शिकवायची तर सुरुवात याच नमुन्यानं होई.

नवा पार्सर पहिल्यांदा सगळ्या नमुन्यांवर चालला त्या दिवशी तीनशे अकरा हिरवे झाले. पहिला लाल. मूळपुरुष खुर्चीतून उठला तो जवळजवळ धावतच बाईंच्या टेबलापाशी गेला. पडद्यावर तीनऐवजी चार ओळी होत्या. बाबा, आई, मुलगी, आणि त्याखाली नुसता एक ठिपका. पुढं काहीच नाही.

"एक जास्तीची आली वाटतं," तो म्हणाला. आवाजातला आनंद त्याला लपवता आला नाही.

"हो सर," बाई म्हणाल्या. "पण बघा ना, यादी तुम्ही इथं उघडलीये आणि बंद कुठंच केलेली नाही. जुना पार्सर फाइल संपली की आपोआप थांबायचा, म्हणून इतकी वर्षं कुणाला कळलं नाही. माझा थांबत नाही. तो आणखी कुणीतरी येईल म्हणून वाट बघतो." मग मागं उभ्या असलेल्यांना ऐकू जाऊ नये म्हणून त्यांनी आवाज आणखी खाली घेतला. "शेवटी एक खूण टाकली की झालं. टाकू?"

मागं चारजण कप घेऊन उभेच होते. साहेबही होते. अकरा वर्षं ज्या नमुन्यावर अख्खं ऑफिस शिकलं त्यातच चूक, आणि ती सांगणार कोण, तर काल आलेली बाई! मूळपुरुषाची कानशिलं तापली.

"चूक नाहीये ती. मी मुद्दाम उघडं ठेवलंय."

"मग चार ओळी बरोबर?"

"बरोबर."

"अपेक्षित उत्तर बदलून चार करू?"

"करा."

नमुन्याचं उत्तर बदलायचं तर ज्याचा नमुना त्याची मंजुरी लागे. परीक्षेत उत्तर चुकलं म्हणून उत्तरपत्रिका न सुधारता उत्तरसूचीच बदलायची, हे या धंद्यातलं सगळ्यात मोठं पाप, आणि मूळपुरुषानं त्यावरून पूर्वी दोघांना रडवलं होतं. आज त्यानं स्वतः 'मंजूर' दाबलं. तीनशे बाराही दिवे हिरवे झाले. जाऊ दे हे बाहेर, त्यानं मनात म्हटलं, उद्या कुणाच्या पत्रात रिकामी ओळ छापून आली की बाईंचं कौतुक किती टिकतं ते बघू.

३

त्या संध्याकाळी घरी टेबलावर चार ताटं मांडलेली होती.

"कोण येणार आहे?" त्यानं विचारलं.

"कोण येणार?" बायको म्हणाली. "बस ना, गार होतंय."

तिच्या बहिणीचा यायचा बेत असेल आणि रद्द झाला असेल, असं त्यानं ठरवलं. जेवताना चौथ्या ताटापाशी कुणी बसलं नाही. त्याचं दोनदा तिकडं बघून झालं. मायलेकी तिकडं बघतही नव्हत्या, टाळतही नव्हत्या. जेवण झाल्यावर तो हात धुऊन आला तर ताटं बेसिनमध्ये गेली होती. चारही खरकटी होती.

उरलेली भाजी त्यात काढली असेल, झालं. तो कारणं शोधणारा माणूस होता आणि कारण सापडलं की त्याला झोप लागे. त्या रात्री लागली.

४

मग आवाज सुरू झाले. भलतेसलते नाहीत, घरातलेच. जिना चढताना आतून बायकोचं हसणं ऐकू येई आणि कुलपात किल्ली फिरली की थांबे. न्हाणीघरातला टॉवेल कुणीतरी नुकताच वापरल्यासारखा ओला असे. एकदा तो बूट हातात घेऊन पॅसेजमध्येच थबकला. आतल्या खोलीत मुलगी बोलत होती. पोहायच्या तलावावर मैत्रिणीनं कशी थाप मारली, मग सरांनी कसं पकडलं, मग दोघींना कसं हसू आवरेना. सांगता सांगता ती मध्ये थांबे, आणि पुन्हा "हो ना! आणि मग ना..." म्हणून पुढं निघे. समोर कुणी नीट ऐकत असलं की माणूस असंच बोलतं. मुलगी पोहायला जाते हेच मूळपुरुषाला ठाऊक नव्हतं.

तो आत गेला. मुलगी एकटी होती. टेबलाशी दुसरी खुर्ची ओढलेली होती, बसलेला माणूस उठून जाताना ढकलतो तशी, तिरकी.

"कुणाशी बोलत होतीस?"

आपण कितव्या मजल्यावर राहतो असं कुणी विचारावं तसं तिनं त्याच्याकडं बघितलं. "असं काय विचारतोस, बाबा?" म्हणाली आणि वही उघडून बसली.

बायकोला सरळ विचारावं तर तीही, हे तुला ठाऊकच आहे, अशा थाटात वागत होती. सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट आपल्यालाच ठाऊक नाही, हे तोंडानं कबूल करणं त्याला मेल्याहून मेल्यासारखं वाटे. म्हणून तो ऑफिसातल्यासारखी घरीही मान हलवू लागला.

संशय यायचा तो आलाच. पुरुषाला पहिला जो सुचतो तोच त्यालाही सुचला. एका शुक्रवारी तो काही न कळवता दुपारी दोनला घरी आला. बायको खिडकीशी केस वाळवत बसली होती. टेबलावर दोन कप होते. त्यानं दोन्हींना हात लावून पाहिला, दोन्ही कोमट.

ती दचकली नाही. उलट हसली. "हे काय, परत आलास? काही विसरलास का?"

"मी सकाळी नऊला गेलोय," तो म्हणाला.

तिनं त्याच्याकडं नीट बघितलं आणि तिच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू ओळखीच्या, दमलेल्या चेहऱ्यात मावळलं. "अच्छा," ती म्हणाली, "तू होय," आणि कप उचलून आत गेली.

त्या दोन शब्दांनी तो भ्यायला हवा होता. पण भीतीच्या आधी जळफळाट आला. लग्नाला सोळा वर्षं झाली होती, आणि ते पहिलं हसू तिनं आपल्यासाठी कधी राखलं होतं, हे त्याला आठवेना.

५

ऑफिसात नव्या बाईंनी एडिटरची पुढची करामत दाखवायला सगळ्यांना बोलावलं. आता तो रिकाम्या जागी काय असायला हवं हेही सुचवणार होता. आजूबाजूचं वाचायचं आणि अंदाज बांधायचा. दाखवायला सगळ्यात छोटा नमुना हवा, म्हणून त्यांनी क्रमांक एक उघडला.

चौथ्या ठिपक्यापुढं कर्सर नेला. क्षणभर काही झालं नाही. मग तिथं फिकट राखाडी अक्षरांत शब्द उमटला: बाबा.

लोक हसले. त्याच वेळी सगळ्यात वरच्या ओळीतल्या 'बाबा'खाली पिवळी रेघ आली, आणि शेजारी सूचना: 'हे दोनदा आलं आहे. एक काढता येईल.'

"मूळपुरुष, तुमच्या घरी स्पर्धा लागली!" साहेब म्हणाले. पुन्हा हशा झाला. मूळपुरुषही हसला, निदान त्यानं दात दाखवले.

सगळे पांगल्यावर तो बाईंच्या टेबलाशीच उभा राहिला. "कशावरून सुचवतो तो?" असं त्यानं विचारलं. आयुष्यातला त्याचा हा पहिलाच असा प्रश्न असावा.

"नक्की नाही सांगता येत, सर." बाई प्रामाणिक होत्या, आणि त्याचाच त्याला जास्त राग येई. "घरात कोण हवं, असं मी त्याला काही शिकवलेलं नाही. तो फक्त शेवटपर्यंत वाचतो, मध्ये अडवत नाही, इतकंच. त्यातून त्याला कळत असेल."

"म्हणजे अंदाजच."

"अंदाजच. पण सहसा चुकत नाही."

६

रविवारी त्यानं मनाशी ठरवलं की आज मध्ये बोलायचं नाही. सकाळी बायको कपड्यांच्या घड्या घालता घालता शेजारणीकडचा किस्सा सांगू लागली. त्यानं खुर्ची ओढली, हातातला फोन पालथा ठेवला. तिनंही ते पाहिलं, जरा सावरून बसली, आणि दोन वाक्यं नीट पार पडली. तिसऱ्यात ती म्हणाली, "गुरुवारी ती जिन्यात भेटली ना..."

भेटली होती शुक्रवारी. तो स्वतः तेव्हा तिच्यासोबत होता. त्यानं जीभ दातांत धरली. पण म्हणतात ना, जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही.

"शुक्रवारी," तो म्हणाला.

"बरं, शुक्रवारी," ती म्हणाली. रागावली नाही. घड्या घातलेले कपडे उचलले आणि आतल्या खोलीत गेली. थोड्या वेळानं तिथून तिचा आवाज आला. तीच गोष्ट, पहिल्यापासून. "गुरुवारी ती जिन्यात भेटली ना..." आणि गोष्ट पुढं सरकत गेली, जिना, शेजारीण, तिची सासू, कुत्रं, आणि शेवटी जिथं हसायचं तिथं कुणीतरी मनापासून हसलं.

मूळपुरुष खुर्चीत ताठ झाला. ते हसणं त्याचं होतं. घशातून वर येऊन नाकात संपणारं, अगदी त्याचंच. फक्त तो हसला नव्हता.

उठून आत जावं, दार ढकलून बघावं, इतकं सोपं होतं. पाय उचलेना. आत कुणी दिसलं तर काय, ही एक भीती. पण आत बायको आणि ते जे कोण, दोघं वळून आपल्याकडं अनोळख्यासारखं बघतील, ही भीती त्याहून मोठी होती. तो तसाच बसून राहिला आणि फारा दिवसांनी त्यानं स्वतःशी खरं बोलून टाकलं. यादी उघडी आपण ठेवली. चार ओळींवर मंजुरी आपण दिली. आपणच मिटवायचं.

आणि बुद्धी लगेच म्हणाली, वेडा आहेस का? पत्राच्या नमुन्याचा आणि घराचा काय संबंध? त्यानं बुद्धीचं ऐकून घेतलं आणि तरीही ठरवलं तेच ठरवलं.

७

सोमवारी सकाळी तो आठलाच घरातून निघाला. एका बाकावर बसून काय बोलायचं त्याची उजळणी केली आणि दहाला, सगळे जमल्यावर, नव्या बाईंच्या टेबलापुढं जाऊन उभा राहिला.

"माझी चूक होती," तो म्हणाला. सगळ्या ऑफिसला ऐकू जाईल असं म्हणाला. "नमुना एकमधली यादी बंद करायची राहिली होती. मुद्दाम वगैरे काही नव्हतं. तुमचंच बरोबर होतं, बाई. मला ते सहन झालं नाही, म्हणून चार ओळी मंजूर केल्या."

साहेब कप हातात धरून उभेच राहिले. मूळपुरुषाला मात्र छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं. इतकं सोपं होतं तर!

बाईंचे डोळे भरून आले. "अहो सर, कशाला सगळ्यांसमोर? तुम्हाला बोलावं लागू नये म्हणून मीच शनिवारी करून ठेवलंय ते. यादी बंद केली. आता बरोबर तीन ओळी येतात. बघा."

त्यांनी पडदा त्याच्याकडं वळवला. या घरात राहतात. आई, मुलगी, बाबा.

त्यानं ओळी मोजल्या. तीनच होत्या. मग पुन्हा वाचल्या.

"क्रम बदललाय," तो म्हणाला.

"हो, एडिटरनं सुचवलेला 'बाबा' खाली पक्का झाला होता, मग दोनदा आलेलं एक काढावं लागलं ना."

"कुठलं काढलंत?"

"वरचं. जुनं होतं ते." बाई कामाच्या भरात आल्या, पेन्सिलीनं पडद्यावर दाखवू लागल्या. "मी सगळीकडे शोधून पाहिलं सर. त्याला आता कुणी वापरतच नव्हतं. आई, मुलगी, दोघींचे धागे खालच्याला जोडलेले होते. वरचं नुसतंच राहून गेलेलं. ते काढलं तरी काही मोडलं नाही. बघा, सगळे हिरवे."

सगळे हिरवे होते.

"पण माझी मंजुरी लागते," तो म्हणाला. "ती मी दिलेली नाही."

बाई गोंधळल्या. "असं कसं, सर? तुमच्याच नावानं आलीये की. आज सकाळी, साडेनऊला." त्यांनी वाकून वाचलं. "घरच्या कॉम्प्युटरवरून."

८

तो जिना धावत चढला. दुपार नुकतीच सुरू झाली होती. शाळेला सुट्टी असावी, कारण वर पोचायच्या आधीच मुलीचा आवाज ऐकू आला. दार वीतभर उघडं होतं.

त्यानं दाराला हात लावला नाही. फटीतून दिसलं तेवढं बघितलं. टेबल, तीन ताटं. बायको पाठीमागं रेलून काहीतरी सांगत होती, हातवारे करून, मध्येच स्वतःच हसून. मुलगी तिचं वाक्य तोडून आपलं घुसवत होती आणि दोघींना घाई झाली होती, कारण ऐकणारा एकच होता. तो दाराच्या कडेआड बसला होता, म्हणून अर्धाच दिसला. करडा शर्ट, टेबलावर टेकलेलं कोपर, आणि नीट ऐकण्यासाठी जराशी कललेली मान. मूळपुरुषानं आरशात स्वतःची मान अशी कधी पाहिली नव्हती.

तो मान वळवेल आणि चेहरा दिसेल, या भीतीनं तो अर्धं पाऊल मागं सरकला. पण खरं सांगायचं तर त्या घटकेलाही भीतीपेक्षा मत्सरच जास्त होता. हा काही करतसुद्धा नाहीये. नुसता बसलाय. नुसतं ऐकतोय. एवढंच तर आपल्याकडून हवं होतं दोघींना, आणि एवढंच आपल्याला जमलं नाही. हे त्याला इतकं स्पष्ट कळलं की डोळ्यांपुढचं टेबल धूसर झालं.

त्याची सावली उंबऱ्यावर पडली असावी. मुलीनं दाराकडं बघितलं.

"बाबा," ती म्हणाली, "दारात कोणीतरी उभं आहे."

किती दिवसांनी तिनं इतक्या लाडानं 'बाबा' म्हटलं होतं! मूळपुरुषानं ओ दिली.

आतल्यानं त्याच्या आधीच दिली होती. खुर्ची मागं सरकली, आणि दार लावून घ्यायला कुणीतरी उठलं.